मित्रराज्यांस तोफा : ठाण्याच्या खाडीकाठची एक जुनी समस्या

रबाळे हे गाव आज नवी मुंबईतील कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील एक स्थानक, भोवती औद्योगिक वसाहत, आणि पश्चिमेस खाडी, एवढेच त्याचे चित्र परक्याच्या मनात असते. परंतु खाडीच्या या पूर्व किनाऱ्यावर उभे राहून पलीकडे पाहिले, म्हणजे जी भूमी दिसते ती जुन्या कागदपत्रांतील साष्टी होय. आणि उत्तरेस, खाडी अरुंद होते तेथे, ठाण्याचा किल्ला आहे. अठराव्या शतकात या दृश्याच्या दोन बाजू म्हणजे कित्येकदा दोन राज्ये होती. साष्टी कोणाची, यावरून जेवढा दारूगोळा खर्च झाला, त्याहून अधिक पत्रव्यवहार झाला. त्या पत्रव्यवहारात एक प्रश्न वारंवार डोके वर काढतो, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. तो प्रश्न असा : एखाद्या सरकारने मित्र म्हणविणाऱ्या राज्याला तोफा, दारू आणि गोलंदाज द्यावयाचे, तर ते कोणाच्या अधिकाराने, कोणत्या मोलाने आणि कोणत्या अटींवर?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुख्यतः मुंबईकर इंग्रज आणि मराठे यांच्या संबंधांपुरता तपासावयाचा आहे. हल्ली शस्त्रविक्रीच्या राज्यकारभाराविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा विसाव्या शतकातील महासत्तांना गृहीत धरून लिहिले जाते. आपल्या दाराशी याच व्यवहाराचा सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव साठलेला आहे, आणि तोही विकणाऱ्याच्या नव्हे तर घेणाऱ्याच्या बाजूने, हे आपण सोयीस्कर रीतीने विसरतो.

आरंभ राजापुरापासून केला पाहिजे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीतील लोकांनी त्याला उखळी तोफ व बाँबगोळे पुरविले; इतकेच नव्हे तर वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन आपल्या सोबत्यांसह स्वतः पन्हाळ्यापुढे गेला आणि इंग्रजांचे निशाण उभारून गोळे टाकण्यात आले. यात राजनीती अशी फारशी नव्हती. माल खपवावा, विजापूर दरबारची मर्जी संपादावी आणि व्यापारात सवलती मिळवाव्या, असा वखारवाल्यांचा साधा हिशेब होता. पुढील वर्षी, १६६१ च्या मार्चमध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने राजापूर घेतले, वखार लुटली आणि या इंग्रजांना कैद केले. त्यांची सुटका होण्यास १६६३ साल उजाडले.

या प्रसंगाचे वर्णन आपल्या ग्रंथांतून पुष्कळदा येते. परंतु त्याचा जो भाग येथे महत्त्वाचा आहे तो सुरतेचा. राजापूरकरांनी कैदेतून सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणी केली, तेव्हा सुरतेने त्यांनाच दोष दिला. ज्या भांडणाशी कंपनीचा संबंध नव्हता त्यात तुम्ही निशाण लावून पडलात, त्याचे फळ भोगा, असा त्या उत्तराचा आशय आहे. हे उत्तर क्रूर वाटले तरी कारभाराच्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. हत्यार ज्याने विकले त्याला विकण्याचा अधिकार होता काय, हे विक्रीपूर्वी कोणी विचारले नाही. विक्रीचे परिणाम दिसल्यावर मात्र अधिकाराचा प्रश्न निघाला. वखारीवरचा मनुष्य स्थानिक लाभाकडे पाहून निर्णय घेतो आणि दूरचे वरिष्ठ परिणाम पाहून त्याच्यावर ठपका ठेवतात. ही रीत राजापूरला सुरू झाली, आणि पुढे तिची पुनरावृत्ती किती मोठ्या प्रमाणावर झाली ते दिसेलच.

यानंतरच्या दशकात महाराजच गिऱ्हाईक झाले. दंडाराजपुरीच्या सिद्दीविरुद्ध त्यांना उखळी तोफा व गोळे हवे होते आणि १६७१ मध्ये त्यांनी मुंबईकरांकडे मागणी केली. इंग्रजांची अडचण उघड होती. द्यावे तर मोगल बिघडणार आणि सुरतेचा व्यापार धोक्यात येणार. न द्यावे तर राजापूरची नुकसानभरपाई बुडणार. त्यांनी जो मार्ग काढला तो कोणत्याही काळातील मुत्सद्द्यास परिचित वाटेल : नाही म्हणावयाचे नाही, द्यावयाचेही नाही, आशा दाखवीत राहावयाचे आणि तिच्या बळावर भरपाईची बोलणी पुढे रेटावयाची. १६७४ साली हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला तेव्हा राजापूरच्या भरपाईपोटी दहा हजार होन ठरले. तोफांचा प्रश्न होता तेथेच राहिला. इकडे महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून ऐंशी तोफा आणि बंदुकांसाठी शिसे मिळविले होते, अशी नोंद ग्रांट डफने केली आहे. एका टोपीकराने दार लावून घेतले की दुसऱ्याचे उघडते, हा विक्रेत्यांच्या बाजारातील साधा नियम आहे. विक्रेत्याच्या नकाराने शस्त्र थांबत नाही. थांबते ती विक्रेत्याविषयीची भीड.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जे प्रकरण आहे, ते या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचले पाहिजे. हे लोक इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी एकेक राजा आहे आणि व्यापाराच्या मिषाने ते मुलूख धरू पाहतात, असा तेथील विचार आहे. तो सामान्यतः जमीन देण्याच्या संदर्भात उद्धृत केला जातो. वस्तुतः तोफा विकणारा हा कापड विकणाऱ्यापेक्षा निराळा व्यापारी आहे, हेही त्यात अनुस्यूत आहे. कापडाचा सौदा पैसे मोजले की संपतो; तोफेचा सौदा ती पहिल्यांदा डागली जाते तेव्हा सुरू होतो.

आता ठाण्याच्या खाडीकडे येऊ. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. पोर्तुगीजांचा तेथील किल्ला अजून पुरता बांधूनही झाला नव्हता. मुंबईचे इंग्रज या वेळी पोर्तुगीजांचे शेजारी, धर्माने निदान ख्रिस्ती आणि युरोपातील राजकारणात पोर्तुगालचे जुने दोस्त होते. मराठ्यांशी त्यांचे वैर नव्हते, परंतु भय होते. या त्रिकोणात मुंबईच्या सरकारने दारूगोळ्याचा जो व्यवहार केला तो अभ्यासण्यासारखा आहे. १७३८ साली पेद्रु द मेलु याने ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि स्वतः पेद्रु द मेलु तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मुंबईकरांनी या बेताची आगाऊ वर्दी मराठ्यांना दिली, शिवाय दारू व गोळेही पुरविले, अशी पोर्तुगीजांची कडवट तक्रार होती. मुंबईचा गव्हर्नर त्या वेळी जॉन हॉर्न होता. पुढे १७३९ च्या आरंभी वसईचा वेढा आवळत गेला तेव्हा त्याच मुंबईकडे वसईच्या पोर्तुगीजांनी मदतीची याचना केली, आणि मुंबईकरांनी पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले. तारण म्हणून चर्चमधील चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा घेतल्या.

या तारणाकडे क्षणभर थांबून पाहावे. वेढ्यात सापडलेल्या दोस्ताला पैसा हवा तो लढण्यासाठी. आणि पैसा देणारा दोस्त तारण म्हणून त्याच्या तोफाच उचलून नेतो! सावकारी दृष्टीने यात चूक काहीच नाही. चांदी आणि पितळ यांपेक्षा वसईत त्या दिवसांत दुसरे काय खात्रीचे उरले होते? परंतु मैत्रीच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार शस्त्रपुरवठ्याच्या नेमका उलट आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली. जुलैमध्ये मुंबईचा वकील कॅप्टन इंचबर्ड याने चिमाजी अप्पांशी तह करून पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळविली. त्याच सुमारास कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांकडे गेला. आणि त्याच काळात मुंबईच्या किल्ल्याभोवती खंदक खणण्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. म्हणजे एकच सरकार एका हाताने एका पक्षाकडून तोफा तारण घेत होते, दुसऱ्या हाताने दुसऱ्या पक्षाशी तह करीत होते, आणि दोघांच्याही भीतीने स्वतःच्या घराभोवती खंदक खणीत होते. मुंबईकरांना कपटी म्हणून आपण मोकळे होतो. परंतु कपटाला निदान एक धोरण लागते. येथे धोरणाचा अभावच अधिक दिसतो. ज्या दिवशी जे मागणे आले, त्या दिवशी त्याचा त्या दिवसापुरता निकाल लागला.

पुढचा टप्पा १७५५ चा. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर एकत्र आले. या वर्षाच्या मार्चमध्ये झालेल्या करारात आरमाराचे नेतृत्व इंग्रजांकडे राहावे, आंग्र्यांची जहाजे सापडतील ती वाटून घ्यावी, आणि किल्ल्यांतील तोफा व सामान मात्र पेशव्यांचे असावे, असे ठरले होते. शस्त्रांचा मालक कोण, हे युद्धापूर्वीच लेखी ठरविणारे हे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला व तो पेशव्यांकडे गेला, तोवर करार ठीक चालला. परंतु फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉट्सन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले तेव्हा मुंबईहून निघतानाच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी आपसात ठरवून टाकली होती; तीत मराठ्यांचा वाटा नव्हता. आंग्र्यांचे आरमार बंदरात जळून गेले, सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांत वाटली गेली, आणि किल्ला परत मिळविण्यासाठी पेशव्यांना ऑक्टोबरमधील तहापर्यंत थांबावे लागले. मोबदल्यात बाणकोट व काही गावे गेली. दर्यावर्दी शक्ती मित्राला विकत न देता ती आपल्याच माणसांसह आणावयाची, काम झाले की परत न्यावयाची, आणि मित्राजवळ असलेली तेवढी नष्ट होताना पाहावयाचे, हा नवा प्रकार येथे दिसतो. पेशव्यांनी स्वतःच्याच सत्तेखालील आरमार जाळण्यास साह्य केले, ही टीका न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून होत आली आहे व ती रास्त आहे. परंतु करारातील तोफांचे कलम मोडले गेले असता पुणे दरबाराने ते तडीस का नेले नाही, हा प्रश्नही विचारला पाहिजे. मित्राने अटी मोडल्या तर काय करावयाचे, याची तरतूद करारातच नव्हती.

पानिपतानंतर किमतीचा प्रश्न उघडउघड पुढे आला. १७६१ साली निजाम पुण्यावर चालून येत असता रघुनाथरावांनी मुंबईकडे गोरे शिपाई, तोफा व दारूगोळा मागितला. गव्हर्नर क्रॉमेलिन आणि त्याचे मंडळ तयार होते, पण त्यांना रुपये नको होते. त्यांना साष्टी हवी होती. रघुनाथरावांनी इतर ठिकाणे देऊ केली, साष्टी देईनात. निजामाशी समेट झाला आणि बोलणी तेथेच विरली. यापुढे मुंबईच्या दृष्टीने तोफांचे मोल साष्टीच्या मापाने मोजले जाऊ लागले. रबाळ्याच्या किनाऱ्यावरून दिसणारा तो पलीकडचा प्रदेश हा एका शस्त्रव्यवहाराची मागितलेली किंमत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही किंमत अखेर वसूल झाली, पण सौद्यापूर्वीच. डिसेंबर १७७४ मध्ये, पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे या वार्तेचे निमित्त करून, मुंबईकरांनी ठाण्यावर फौज पाठविली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी किल्ला पडला. कमोडोर वॉट्सन (हा १७५६ चा वॉट्सन नव्हे) या मोहिमेत कामास आला. माल आधी ताब्यात घेऊन मग ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस रघुनाथरावांशी तह झाला. त्यांना तोफखान्यासह अडीच हजार फौज मिळावयाची होती; त्यांनी साष्टी व वसई द्यावी, फौजेच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावे, आणि रोख नसल्याने सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवावे. वसईच्या चर्चमधील चांदीची आठवण येथे कोणासही होईल. छत्तीस वर्षांनी सावकार तोच होता. तारण ठेवणारा मात्र बदलला होता.

कारभाराच्या दृष्टीने सर्वांत बोधक भाग यापुढचा आहे. १७७३ च्या नियामक कायद्याने मुंबई व मद्रास ही सरकारे युद्ध आणि तह यांबाबत कलकत्त्याच्या अधीन केली होती. कायद्यात अपवाद दोन होते : अत्यंत निकड, किंवा विलायतेहून संचालकांचा थेट हुकूम. गव्हर्नर हॉर्नबी आणि त्याच्या मंडळाने निकडीच्या अपवादाचा आधार घेतला. कलकत्त्याने सुरतेचा तह अनधिकृत व अन्याय्य ठरवून लढाई थांबविण्यास फर्माविले आणि कर्नल अपटनला पुण्यास पाठविले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इतक्यात विलायतेहून संचालकांचे पत्र आले, ते सुरतेच्या तहास अनुकूल! एकाच कंपनीची तीन मुखे तीन भाषा बोलत होती. पुण्याच्या कारभाऱ्यांनी कोणाचे खरे मानावे? नाना फडणविसांना इंग्रजांविषयी जो अविश्वास वाटे त्याचे मूळ पुष्कळदा त्यांच्या स्वभावात शोधले जाते. ते मुंबई, कलकत्ता आणि लंडन यांच्या टपालाच्या तारखांतही शोधावे, अशी आमची सूचना आहे.

या गोंधळाचा शेवट वडगावला झाला. मुंबईची सुमारे चार हजारांची फौज रघुनाथरावांना पुण्यास बसविण्यासाठी घाट चढून आली आणि जानेवारी १७७९ मध्ये तळेगावहून मागे फिरताना तिने आपल्या जड तोफा तेथील तळ्यात टाकल्या. मित्रासाठी आणलेल्या तोफा शेवटी ना मित्राला मिळाल्या ना स्वतःला उरल्या. वडगावचा करार कलकत्त्याने मानला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात इतर बहुतेक मुलूख परत गेला, साष्टी तेवढी इंग्रजांकडे राहिली. किंमत वसूल राहिली, मालाचे काहीही झाले असो.

आता मराठ्यांची बाजू पाहिली पाहिजे. कारण घेणारा नुसता हात पसरून बसला होता, असा समज होणे योग्य नाही. माधवराव पेशव्यांच्या काळात पुण्यास तोफा ओतण्याचा आणि जुन्नर प्रांती अंबेगव्हाण येथे गोळे ओतण्याचा कारखाना चालू होता, असे पेशवे दप्तरातील कागदांवरून दिसते. महादजी शिंद्यांनी तर याहून पुढे मजल मारली. दि बॉयनच्या कवायती पलटणी आणि आग्र्यास सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली ओतल्या जाणाऱ्या तोफा यांमुळे शिंद्यांचा तोफखाना विक्रेत्याच्या मेहेरबानीवर राहिला नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर इंग्रजांनी नव्वदांहून अधिक तोफा जिंकल्या, परंतु त्याआधी त्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची जी हानी केली ती इंग्रज लेखकांनीही मान्य केली आहे. शस्त्र न विकण्याच्या धोरणाचे हे दुसरे फळ : गिऱ्हाईक एक तर दुसऱ्या दुकानी जाते, नाही तर स्वतः भट्टी घालते.

तथापि पुणे दरबाराचे कारखाने शिंद्यांच्या तोलाचे झाले नाहीत, हे धारवाडच्या वेढ्यात दिसून आले. १ जून १७९० च्या पुण्याच्या तहाने पेशवे व इंग्रज टिपूविरुद्ध एक झाले. मागोमाग निजामही आला. हा करार दोन बरोबरीच्या राज्यांमधला होता, म्हणून तो आपल्या विषयाला विशेष उपयोगी. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेस मुंबईहून कॅप्टन लिटलची पलटणे येऊन मिळाली. या तुकडीतील एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने लिहिलेला वृत्तांत १७९४ साली प्रसिद्ध झाला. मराठ्यांच्या तोफा जुन्या, दारूचा तुटवडा, एक बार काढल्यावर गोलंदाज निवांत बसून चिलीम ओढीत, असे त्याचे खोचक वर्णन आहे, आणि ग्रांट डफपासून पुढे ते सर्वत्र नकलले गेले आहे. पण चिलमीवर हसताना मूळ गोष्ट निसटते. किल्ला पाडण्यास योग्य अशा मोठ्या तोफा लिटलच्या तुकडीनेही आणल्या नव्हत्या. मोठ्या तोफा मित्र आणील असे प्रत्येक मित्राने गृहीत धरले. कोणी काय पुरवावयाचे याचे टिपण तहात नव्हते. कुमकेस आलेल्या कर्नल फ्रेडरिकचा हल्ला फसला आणि मार्च १७९१ मध्ये तो वेढ्यातच वारला. किल्ला एप्रिलच्या आरंभी वाटाघाटीने हाती आला. सहा महिन्यांचा हा विलंब गोलंदाजांच्या आळसावर लादणे सोपे आहे. तो मुख्यतः करारनाम्याचा दोष होता.

यानंतर इंग्रजांच्या बाजूने कारभार सुधारला, हे निर्विवाद आहे. १७८४ च्या पिटच्या कायद्याने विलायतेत नियंत्रण मंडळ आले, गव्हर्नर-जनरलचा अधिकार पुढे वाढला, मुंबईची स्वतंत्र मुत्सद्देगिरी संपली. लॉर्ड वेलस्लीच्या काळी मित्रराज्यांस लष्करी साह्य कसे द्यावयाचे याची एक ठरीव, सर्वत्र लागू होणारी पद्धत तयार झाली. राजापूर, मुंबई, सुरत येथील स्थानिक सौदेबाजी, वरिष्ठांचे उलटसुलट हुकूम, कलमांची संदिग्धता, हे सर्व दोष तीत नाहीसे झाले. त्या पद्धतीचे नाव तैनाती फौज.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात ही सुधारलेली व्यवस्था पाहावयास मिळते. फौज किती, तर तोफा व गोलंदाजांसह सहा पलटणी. खर्च कोठून, तर सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून. अट काय, तर शत्रुराष्ट्राचे युरोपीय चाकरीस ठेवू नयेत आणि इंग्रजांच्या संमतीवाचून इतर राज्यांशी बोलणे करू नये. रोख नाही, तारण नाही, उधारी नाही. सगळा हिशेब मुलखात चुकता. धारवाडला जे टिपण नव्हते ते येथे कलमवार होते. कारभाराच्या कोणत्याही परीक्षेत हा तह पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. आणि याच तहाने पेशवाईचे स्वातंत्र्य संपले. तहास वसईचे नाव मिळावे हा योगायोगच. पण त्रेसष्ट वर्षांपूर्वी जेथे पोर्तुगीजांनी तोफा गहाण ठेवल्या होत्या, तेथेच बाजीरावांनी राज्य गहाण ठेवले.

मित्रराज्यांस शस्त्रे देण्याचा कारभार सुधारावा, असे म्हणताना आपण बहुधा विकणाऱ्याची सोय पाहत असतो : निर्णय एकाच ठिकाणी व्हावा, विलंब टळावा, किंमत खात्रीने यावी, अटी मोडता येऊ नयेत. या प्रत्येक अर्थाने १८०२ ची व्यवस्था १७७५ च्या व्यवस्थेपेक्षा सरस होती. १७७५ च्या गोंधळात मात्र नाना फडणविसांना हालचालीस जागा होती. तीन मुखांच्या विक्रेत्याशी झगडता येत होते. एकमुखी विक्रेत्यापुढे ती जागा उरली नाही. तेव्हा सुधारणा कोणाची, हे आधी ठरविल्यावाचून सुधारणेची चर्चा अपुरी राहते. घेणाऱ्याच्या दृष्टीने चांगली व्यवस्था कोणती याचे उत्तर कंपनीच्या कागदांत नाही, कारण तो प्रश्न तेथे कोणी विचारलाच नाही. त्याचे अर्धे उत्तर १७५५ च्या कराराच्या तोफांच्या कलमात आणि उरलेले आग्र्याच्या भट्टीत होते.

या इतिहासाकडे आज पुन्हा वळण्याचे कारण केवळ पुराणवस्तूंचे कुतूहल नव्हे. दीर्घकाळ घेणारा असलेला हा देश आता विकणाराही झाला आहे. सरकारी आकड्यांनुसार २०१३-१४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती; २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी एकेचाळीस सरकारी आयुधनिर्माण्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली. त्यांतील दारूगोळ्याच्या कंपनीचे ठाणे पुण्यास आणि दुसऱ्या एका कंपनीचे नागपुरास आहे. रबाळ्याहून फार दूर नसलेल्या अंबरनाथला आयुधनिर्माणी १९५३ पासून आहे. पिनाक अग्निबाण आर्मेनियाला आणि ब्रह्मोस फिलिपाइन्सला गेले. फिलिपाइन्सचा करार जानेवारी २०२२ चा, पहिली रवानगी एप्रिल २०२४ ची. गोव्याच्या गोदीत बांधलेल्या गस्तीनौका श्रीलंकेच्या आरमारात आहेत.

विक्रेत्याच्या जुन्या अडचणीही त्याबरोबर आल्या आहेत. फेब्रुवारी २००५ मध्ये नेपाळच्या राजाने सत्ता हाती घेतली तेव्हा भारताने तेथील सैन्याचा शस्त्रपुरवठा थांबविला. श्रीलंकेस यादवीच्या काळात आक्रमक शस्त्रे देण्याचे भारताने टाळले, तेव्हा कोलंबोने चीन व पाकिस्तानकडून ती घेतली. १६७३ च्या फ्रेंच तोफांची ही नवी आवृत्ती. शस्त्रे बाहेर पाठविण्याचा परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो, परराष्ट्र खात्याचा विचार घेतला जातो, आणि माल कोण वापरणार याचे प्रमाणपत्र घेणाऱ्याकडून लिहून घेतले जाते. २०१९ पासून ठराविक देशांस ठराविक सामान पाठविण्यासाठी सरसकट परवान्याचीही सोय झाली आहे. वखारवाल्याचा काळ संपला, हे खरे. परंतु परवाना एका कचेरीत, मैत्रीचा विचार दुसरीत आणि कारखान्याचा नफा तिसरीकडे, ही रचना पाहिली की मुंबई, कलकत्ता आणि लंडन यांची आठवण होते. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ९ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. परराष्ट्र धोरण हा शासनाचा प्रांत आहे, असे कारण दिले. निर्णय कोणाचा, हा १७७५ चा प्रश्न अशा रीतीने एका बाजूने सुटला. घेणाऱ्या देशाने प्रमाणपत्रातील अट मोडली तर पुढे काय, हा १७५६ चा प्रश्न मात्र अजून कोणत्याही न्यायालयापुढे आलेला नाही.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी या विषयावर प्रबंध लिहू इच्छील, तर त्याने मुंबईच्या पुराभिलेखागारातील राजकीय रोजनिशा व पुण्याचे पेशवे दप्तर ही दोन्ही साधने एकाच वेळी, तारखेस तारीख लावून वाचावी. १७५६ च्या फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंतचे नऊ महिने आरंभास पुरेसे होतील : विजयदुर्गाच्या तोफा पुण्याने कितीदा मागितल्या, आणि प्रत्येक वेळी मुंबईहून काय उत्तर आले.